दिल्लीला जायच्या आधी...

घरात सून आणायची म्हटलं की आपल्याकडे काय काय चौकशी होते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुलगी शिकली किती, माहेर कुठलं, आई काय करते, नोकरी केली का, केली तर सोडली का... पार मामाच्या गावापर्यंत निरोप जातात. आणि ज्या बाईला आपण लाखो लोकांच्या वतीने पाच वर्षं दिल्लीला पाठवतो, तिच्याबद्दल आपल्याला काय माहीत असतं? 'अमक्यांची मुलगी', 'तमक्यांची सून', नाहीतर 'त्या वारलेल्या साहेबांच्या मिसेस'. संपली चौकशी!

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. टीव्हीसमोर बसून आपण सगळ्यांनीच आकडे पाहिले. कोण किती मतांनी आलं, कोण पडलं, कुणाचं सरकार येणार. पण निवडून आलेल्या बाया त्याआधी काय करत होत्या? शिकवत होत्या, दवाखाना चालवत होत्या, की गावच्या ग्रामपंचायतीत बसत होत्या? त्यांना दिल्लीपर्यंत नेणारा रस्ता नेमका कुठून गेला? हे पाहायला हवं, कारण याच रस्त्याने उद्या आपल्यातली कुणी जाऊ शकेल की नाही, ते त्यावरून कळतं.

आठाच्या सात झाल्या

आधी थोडा हिशेब. लोकसभेत ५४३ जागा. २०१९ मध्ये त्यांत ७८ बायका निवडून आल्या होत्या, २०२४ मध्ये आल्या ७४. म्हणजे पुढे जायचं सोडून चार पावलं मागेच! आपल्या महाराष्ट्राचंही तसंच. ४८ जागांपैकी २०१९ ला आठ जणी होत्या, २०२४ ला सात. त्यातही जुन्या आठ जणींपैकी परत गेल्या फक्त दोघी, बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि रावेरच्या रक्षा खडसे. नंदुरबारच्या डॉ. हीना गावित, दिंडोरीच्या डॉ. भारती पवार आणि अमरावतीच्या नवनीत राणा हरल्या. पूनम महाजन, डॉ. प्रीतम मुंडे आणि सलग पाच वेळा निवडून आलेल्या भावना गवळी यांना पक्षाने उमेदवारीच दिली नाही.

मग नव्या पाच जणी कोण? सोलापूरच्या प्रणिती शिंदे, मुंबई उत्तर मध्यच्या वर्षा गायकवाड, चंद्रपूरच्या प्रतिभा धानोरकर, धुळ्याच्या डॉ. शोभा बच्छाव आणि जळगावच्या स्मिता वाघ. 'नव्या' म्हटलं तरी या पाचही जणी त्याआधी मुंबईच्या विधिमंडळात बसून आल्या होत्या. चौघी विधानसभेत, स्मिताताई विधान परिषदेत. थेट स्वयंपाकघरातून किंवा थेट सिनेमातून उठून कुणीही दिल्लीला गेलेली नाही.

नावामागचं नाव

'घराणेशाही' हा शब्द आपण किती सहज वापरतो! तो खोटा आहे असं नाही. प्रणिती शिंदे म्हणजे माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांच्या कन्या. वर्षा गायकवाड यांचे वडील एकनाथ गायकवाड हेही खासदार होते. या नावांशिवाय पहिली उमेदवारी इतक्या लवकर मिळाली असती का? नसतीच बहुधा. प्रणिती पहिल्यांदा आमदार झाल्या त्या २००९ मध्ये, तिशीच्या आतच.

पण मैत्रिणींनो, गंमत बघा. ज्या सोलापुरात २०१४ आणि २०१९ अशा दोन वेळा खुद्द सुशीलकुमार हरले, तिथूनच २०२४ ला लेक चौऱ्याहत्तर हजारांहून जास्त मतांनी जिंकली. नावानेच सगळं होत असतं तर वडील का हरले असते? मधल्या काळात प्रणिती त्याच शहरातून तीन वेळा आमदार झाल्या होत्या. विडी कामगार बायकांच्या आणि यंत्रमागांच्या त्या शहरात पंधरा वर्षं घासावं लागलं, तेव्हा कुठे वडिलांच्या नावापुढे स्वतःचं नाव उभं राहिलं.

वर्षाताईंचं तर आणखी वेगळं. राजकारणात यायच्या आधी त्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात गणित शिकवायच्या. हो, गणित! ज्या विषयाच्या नावाने आपल्यातल्या निम्म्या जणींना दहावीत घाम फुटला होता, तो. २००४ पासून धारावीतून सलग चार वेळा आमदार आणि २०१९ ते २०२२ या काळात राज्याच्या शालेय शिक्षणमंत्री. करोनामुळे २०२१ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या, मुलं आणि आया दोघींचा जीव टांगणीला लागला होता, आठवतंय ना? ते खातं तेव्हा यांच्याकडे होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये करोनाने त्यांचे वडील गेले. २०२४ ला त्यांच्यासमोर होते नामवंत सरकारी वकील उज्ज्वल निकम. फरक साडेसोळा हजारांचा.

कुंकवामागची जागा

दुसरा रस्ता जरा अवघड आहे, बोलायलाही. नवरा राजकारणात, तो अचानक जातो आणि पक्षाचे लोक बायकोच्या दारात येतात. 'सहानुभूतीची लाट' असं त्याला म्हणतात. त्या बाईला रडायला तरी वेळ मिळतो का, हे कुणी विचारत नाही.

चंद्रपूरचे बाळू धानोरकर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून काँग्रेसचे निवडून आलेले एकमेव खासदार. ३० मे २०२३ ला ते गेले, त्याआधी जेमतेम तीन दिवस त्यांचे वडील गेले होते. एका घरातून एका आठवड्यात दोन अंत्ययात्रा. पुढच्याच वर्षी प्रतिभाताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी राज्यातले वजनदार मंत्री सुधीर मुनगंटीवार यांना दोन लाख साठ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. आता याला नुसती सहानुभूती म्हणायचं? नवरा हयात असतानाच, २०१९ पासून, त्या स्वतः वरोऱ्याच्या आमदार होत्या, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बाई जिंकली की कारण नवऱ्यात शोधायचं, हरली की तिच्यात!

रक्षा खडसे यांची गोष्टही अशीच घाईघाईने सांगितली जाते. एकनाथ खडसे यांच्या सूनबाई, २०१३ मध्ये पती गेले, २०१४ मध्ये खासदार, अशी. पण त्याआधी त्या कोथळी गावच्या सरपंच होत्या आणि नंतर जिल्हा परिषदेच्या सदस्य, हे त्यात गळून जातं. पदरात दोन लहान मुलं, वयाची तिशीही आलेली नाही आणि एकदम दिल्ली. २०२० मध्ये सासऱ्यांनी पक्ष बदलला, सूनबाई मात्र होत्या त्याच पक्षात राहिल्या. सासरच्या घरात राहून सासऱ्यांपेक्षा वेगळा निर्णय घेणं काय असतं, हे आपल्यापैकी ज्यांनी साधा फ्रीजचा रंग स्वतः निवडला आहे त्यांनाच कळेल! २०२४ ला त्या तिसऱ्यांदा निवडून आल्या आणि ९ जूनला त्यांनी केंद्रात राज्यमंत्रिपदाची शपथ घेतली. सरपंच ते केंद्रीय राज्यमंत्री असा हा प्रवास.

पायरी पायरीने

स्मिता वाघ यांचं नाव जळगाव जिल्ह्याबाहेर फार जणींना माहीत नसेल. विद्यार्थी परिषदेपासून काम, जळगाव जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद, मग विधान परिषद. २०१९ मध्ये पक्षाने लोकसभेसाठी त्यांचं नाव जाहीर केलं आणि ऐन वेळी बदललंही! उमेदवारी दुसऱ्याला गेली. लग्न ठरलं, पत्रिका वाटल्या आणि मांडवातून परत फिरावं लागलं, असंच काहीसं. पुष्कळ जणींनी त्या दिवशी राजकारणाला रामराम ठोकला असता. स्मिताताई थांबल्या, काम करत राहिल्या आणि पाच वर्षांनी त्याच मतदारसंघातून अडीच लाखांच्या मताधिक्याने गेल्या.

डॉ. शोभा बच्छाव या नाशिकच्या महापौर होत्या, आमदार होत्या, राज्यमंत्री होत्या. मग बराच काळ सत्तेपासून दूर. २०२४ ला धुळ्यातून नाव आलं तेव्हा 'या तर नाशिकच्या, बाहेरच्या' म्हणून पक्षातलेच काही जण रुसले. समोर माजी केंद्रीय राज्यमंत्री डॉ. सुभाष भामरे. निकाल काय, तर ३,८३१ मतांनी विजय. लोकसभेच्या मानाने हा आकडा म्हणजे एखाद्या मोठ्या गावाचं मतदान. 'माझ्या एका मताने काय होतंय' असं म्हणणाऱ्या शेजारणीला हा आकडा जरूर सांगा.

पायऱ्या चढून दिल्लीला गेलेल्या बाईचं आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण मात्र जुनं आहे, मृणाल गोरे यांचं. राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी डॉक्टरकीचं शिक्षण सोडलेली ही बाई आधी गोरेगावच्या ग्रामपंचायतीत, १९६१ ला मुंबई महापालिकेत, १९७२ ला विधानसभेत आणि १९७७ ला लोकसभेत. पती केशव गोरे १९५८ मध्ये गेले तेव्हा त्यांना कुणी तयार जागा दिली नाही, त्यांनी काम चालू ठेवलं एवढंच. नळाला पाणी यावं म्हणून भांडल्या, महागाईविरुद्ध हातात लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढले. म्हणून तर १९७७ ला इंदिराबाई हरल्या आणि या जिंकल्या तेव्हा लोक म्हणाले, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' बायकांचा हंडा आणि लाटणं इथून संसदेपर्यंत गेलं होतं.

आपल्यासारख्याच, दुसऱ्या राज्यातल्या

ओडिशात २०१९ मध्ये बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ पैकी सात जागांवर बायका उभ्या केल्या. कायद्याची सक्ती नव्हती, पक्षानेच ठरवलं. त्यातल्या पाच निवडून आल्या. आस्का मतदारसंघातून आल्या प्रमिला बिसोई, वय सत्तरच्या घरात, शाळा तिसरीपर्यंत. अंगणवाडीपासून सुरुवात करून पुढे वर्षानुवर्षं बायकांचे बचत गट बांधलेल्या. आस्का म्हणजे माजी मुख्यमंत्री नवीन पटनायक जिथून पहिल्यांदा खासदार झाले तो मतदारसंघ! पमिलाबाईंना... माफ करा, त्यांचे लोक त्यांना 'परीमा' म्हणत, या परीमाला दोन लाखांहून जास्त मताधिक्य मिळालं. त्याच वर्षी, त्याच राज्यातल्या केओंझरहून पंचविशीतली इंजिनिअर चंद्राणी मुर्मू निवडून आली. एकीकडे तिसरी पास आजी आणि दुसरीकडे इंजिनिअर नात!

केरळच्या रम्या हरिदास याही २०१९ च्याच. वडील मजुरी करायचे, आई शिवणकाम. संगीत शिकलेल्या रम्या पंचायत समितीसारख्या 'ब्लॉक पंचायती'च्या अध्यक्ष होत्या. प्रचारसभेत गाणी म्हणायच्या म्हणून टिंगलही झाली. आलत्तूरमधून त्या दीड लाखावर मतांनी जिंकल्या. त्या वेळी केरळातून निवडून आलेल्या त्या एकमेव बाई. २०२४ ला त्या हरल्या आणि जूनच्या निकालात केरळातून एकही बाई लोकसभेत गेली नाही. शिक्षणात देशात पुढे असलेल्या राज्यातून एकही नाही! म्हणजे मुली शिकल्या की बाकी सगळं आपोआप होतं, हा आपला समज तपासून बघायला हवा.

२०२४ च्या निकालात मला सगळ्यात भावल्या त्या राजस्थानच्या भरतपूरच्या संजना जाटव. लग्न लवकर झालेलं, पण सासरी राहून शिक्षण पुरं केलं, अलवर जिल्हा परिषदेवर निवडून आल्या. यजमान पोलिसात शिपाई. २०२३ च्या अखेरीस विधानसभेला उभ्या राहिल्या आणि किती मतांनी हरल्या? ४०९! रात्र रात्र झोप लागू नये असा आकडा. पण सहा महिन्यांत त्या लोकसभेला उभ्या राहिल्या आणि पन्नास हजारांवर मतांनी जिंकल्या. पंचविशी नुकतीच ओलांडलेली, डोक्यावर पदर घेतलेली ही खासदार निकालाच्या दिवशी बायकांबरोबर मनसोक्त नाचली. तो नाच टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिला. त्यामागचे ४०९ मात्र फार थोड्यांना माहीत.

गुजरातमधल्या बनासकांठाच्या गेनीबेन ठाकोर यांनी प्रचारासाठी लोकांकडूनच वर्गणी मागितली. १० वर्षांत गुजरातमधून लोकसभेची एकही जागा न मिळालेल्या काँग्रेसला त्यांनी ती मिळवून दिली, त्याही तिथल्या मोठ्या दूधसंघाच्या संस्थापकांच्या नातीला हरवून. कौतुक करावं तेवढं थोडं. पण याच गेनीबेनच्या समाजाने २०१९ मध्ये लग्न न झालेल्या मुलींनी मोबाइल वापरू नये असा ठराव केला, तेव्हा त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. म्हणजे बाई निवडून आली की बायकांचं भलं होईलच, असं धरून चालता येत नाही. म्हणून तर आधीची चौकशी हवी!

पायरी तुटते कुठे?

आता मुद्द्याचं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांत ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. म्हणजे खालच्या पायरीवर दोन माणसांत एक बाई. त्याच महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला २८८ पैकी निवडून आल्या वीस-बावीस बायका. चौदा माणसांत जेमतेम एक! आणि वर आपण पाहिलं की लोकसभेला गेलेल्या नव्या पाचही जणी विधिमंडळातूनच पुढे गेल्या. म्हणजे जिना खाली ऐसपैस आहे, पण मधल्या मजल्यावर दारच इतकं अरुंद की एकावेळी एखादीच आत शिरते. मग वर पोचायला उरते ती घरच्या नावाची लिफ्ट. ती ज्यांच्याकडे नाही, त्या खालीच राहतात.

का राहतात? तुमच्याच गावात बघा. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून वहिनी उभ्या राहिल्या, निवडून आल्या. पहिलं वर्ष बैठकीला भाऊ बरोबर यायचे, दुसऱ्या वर्षी वहिनी स्वतः बोलू लागल्या, तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला कागद मागू लागल्या. काम कळायला लागलं तोवर मुदत संपली. पुढच्या खेपेला आरक्षण फिरलं, वॉर्ड खुला झाला आणि सगळे म्हणाले, 'आता ही पुरुषांची जागा.' वहिनी परत घरात.

पण हे खरं नाही! खुली जागा म्हणजे पुरुषांची जागा नव्हे. सर्वसाधारण जागेवर बाईला उभं राहायला कायद्याची काहीही आडकाठी नाही. आडकाठी आहे ती उमेदवारी देणाऱ्यांच्या मनात आणि थोडी आपल्याही.

लोकसभा आणि विधानसभेत तेहतीस टक्के जागांचं विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं १९९६ मध्ये. संसदेने ते मंजूर केलं सप्टेंबर २०२३ मध्ये. सत्तावीस वर्षं! तेव्हा जन्मलेल्या मुली आया झाल्या. आणि त्या कायद्यातही अट घातली गेली, की जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच तो लागू होईल. त्या जागा जेव्हा येतील तेव्हा त्यांवर कोण बसेल? काम शिकून तयार असलेल्या वहिनी, की साहेबांनी आयत्या वेळी पुढे केलेली सही करणारी बाई? हे ठरणार आहे ते आत्ता, आपल्या गावात.

चौकशी कुठे करायची?

उमेदवाराची माहिती मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं. शिक्षण, स्वतःची आणि नवऱ्याची किंवा बायकोची मालमत्ता, कर्ज, गुन्हे, सगळं त्यात लिहिलेलं असतं. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात ते फलकावर लावतात, निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवरही मिळतं. घरात मोबाइल हाताळणारी मुलगी असेल तर दहा मिनिटांचं काम. आणि निवडून आलेल्या खासदाराने संसदेत किती प्रश्न विचारले, तेही लोकसभेच्या वेबसाइटवर सापडतं.

पण शपथपत्रात बाईच्या कामाचा रकाना नसतो. तो आपणच भरायचा. पुढच्या निवडणुकीत कुणी ताई हात जोडून दारात आल्या की ओवाळा, चहाही द्या. पण मग विचारा, ताई, याआधी तुम्ही कुठल्या पदावर होता? तिथे असताना आमच्या पाण्याचं, मुलींच्या एसटीचं, दवाखान्यातल्या बाळंतपणाचं काय केलंत? बैठकीला तुम्ही स्वतः बसायचात की भाऊ? त्या उत्तर देत असताना मागे उभ्या असलेल्या भाऊंनीच तोंड उघडलं, तर तेही उत्तरच समजा.

आणि तुमच्या वॉर्डातल्या त्या माजी सदस्य वहिनी, आरक्षण फिरल्यावर घरी बसलेल्या? एखाद्या दुपारी त्यांच्याकडे जाऊन या. 'यंदा खुल्या जागेवर उभ्या राहता का, आम्ही आहोत' एवढंच म्हणा. बघा तरी काय म्हणतात!